दिसणारें आणि झांकलेलें

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत औंध हें गांव आहे. गांवालगतच्या डोंगरावर यमाईदेवीचें ठाणें असून त्याच डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभें आहे. औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. १९३८ सालीं त्यांनीं हें संग्रहालय उभारलें. राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानें घडविलेल्या माता-बालकाच्या शिल्पापर्यंत नाना प्रकारच्या कलाकृति तेथें एकत्र नांदत आहेत. त्या पाहून बाहेर आलेला रसिक सहजच खालच्या गांवाकडे दृष्टि टाकतो. त्याला पुढचीं छपरें दिसतात, त्यांच्या मागच्या भिंती दिसत नाहींत. देवळाचें शिखर दिसतें, पण देवळाचें अंगण घरांच्या आड राहतें. जें झांकलेलें आहे तें आपल्याला दिसत नाहीं, याची त्याला जाणीवही होत नाहीं. डोळा उघडला कीं हें सारें एका क्षणांत, आणि अगदीं फुकट, घडून येतें. परंतु हेंच काम यंत्राकडून करून घ्यावयाचें ठरविलें, तर त्याची किंमत काय पडते?

एखादा चित्रकार हेंच गांव कागदावर उतरवूं लागला, तर मागची भिंत काढूं नये हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. निवड त्याचा डोळाच करून देतो. हात केवळ त्या निवडीला अनुसरतो. संगणकाला डोळा नाहीं. त्याच्यापाशीं असते ती आंकड्यांची एक लांबलचक यादी: या भिंतीचे चार कोपरे अमुक ठिकाणीं, त्या छपराचे तमुक ठिकाणीं. या यादींत पुढची भिंत आणि मागची भिंत यांचा मान सारखाच. डोंगराच्या अमुक एका पायरीवरून कोणत्या कडा दिसतील आणि कोणत्या झांकल्या जातील, हें त्या आंकड्यांवरून गणितानेंच ठरवावें लागतें. संगणकानें रचलेलीं चलच्चित्रें, न बांधलेल्या इमारतींचीं आगाऊ काढलेलीं दृश्यें, वैमानिकांना शिकविण्यासाठीं निर्माण केलेलें कृत्रिम आकाश आणि जमीन, या सर्वांच्या मुळाशीं हाच निवाडा आहे.

अशा प्रश्नांचा विचार करणाऱ्या शास्त्राला संगणकीय भूमिति म्हणतात. मायकेल शेमॉस यांनीं १९७८ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाला जो प्रबंध सादर केला त्याचें नांव हेंच होतें, आणि तेव्हांपासून ही शाखा त्या नांवानें ओळखली जाऊं लागली. युक्लिडाची भूमिति विचारते, अमुक गोष्ट सत्य आहे काय? ही नवी भूमिति विचारते, ती गोष्ट शोधून काढावयास किती पावलें टाकावीं लागतील? औंध संस्थानाचाच दाखला घ्यावा. बहात्तर गांवांचें हें संस्थान एकसलग नव्हतें. औंध साताऱ्याकडे, आटपाडी आणि कुंडल हल्लींच्या सांगली जिल्ह्यांत, तर गुणदाळ विजापुराकडे, असे त्याचे भाग विखुरलेले होते. नकाशावर एक टिंब दाखवून, हें संस्थानाच्या आंत कीं बाहेर, असें कोणी विचारलें, तर प्रत्येक वेळीं सगळ्या सीमा न धुंडाळतां उत्तर कसें द्यावें, हा या शास्त्राचा एक प्रश्न. आटपाडीच्या कोरड्या माळावर कोणत्या वस्तीला कोणती विहीर सर्वांत जवळची, हा दुसरा. आणि डोंगरावरून काय दिसेल, हा तिसरा. तिन्हींपैकीं तिसरा सर्वांत सोपा वाटतो. परंतु त्यानें पुष्कळ वर्षें संशोधकांची परीक्षा पाहिली.

पहिली युक्ति सुचली ती चित्रकारांकडूनच, आणि तिचें नांवही चित्रकाराची पद्धति असेंच पडलें. सर्वांत दूरचा डोंगर आधीं रंगवावा, त्यावर मधलीं शेतें, त्यावर घरें, आणि शेवटीं अगदीं जवळचें झाड. जवळची वस्तु नंतर रंगविल्यानें दूरची आपोआप झांकली जाते. युक्ति सुंदर आहे. पण तींत दोन वैगुण्यें आहेत. पहिलें असें कीं, जें पुढें झांकलेंच जाणार आहे तेंही मन लावून रंगवावें लागतें. दुसरें अधिक खोल आहे. कागदाच्या तीन पट्ट्या घेऊन पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर आणि तिसरी पुन्हां पहिलीवर येईल अशा त्या एकमेकींत गुंतवाव्या. बुरूड टोपली विणतांना हेंच करतो. आतां या तिघींत सर्वांत दूरची कोणती? कोणतीच नाहीं. दूर-जवळ असा क्रमच जेथें लागत नाहीं, तेथें ही पद्धति अडून बसते, आणि पट्ट्या कापून त्यांचे तुकडे करावे लागतात.

दुसरी युक्ति व्यापाऱ्याच्या खतावणीसारखी आहे. पडद्यावरील प्रत्येक टिंबाच्या नांवानें एक खातें उघडावें, आणि त्या टिंबावर आजवर आलेल्या सर्वांत जवळच्या पृष्ठाचें अंतर त्यांत टिपून ठेवावें. नवें पृष्ठ आलें कीं त्याचें अंतर खात्यांतील अंतराशीं ताडून पाहावें. जवळचें असल्यास रंग बदलावा, नसल्यास सोडून द्यावें. एडविन कॅटमल यांनीं १९७४ सालीं यूटा विद्यापीठांतील आपल्या प्रबंधांत ही पद्धति मांडली, आणि आजच्या चित्रयंत्रांत मुख्यतः तीच चालते. एका रांगेंत १९२० टिंबें आणि अशा १०८० रांगा असलेल्या पडद्यावर २०,७३,६०० खातीं होतात, आणि आजच्या यंत्रांना त्यांचें ओझें वाटत नाहीं. परंतु या पद्धतीनें हातीं येतो तो टिंबांचा समूह. कोणती कड कोठें सुरू होऊन कोणत्या भिंतीआड लुप्त होते, याचें रेखीव उत्तर तींत मिळत नाहीं. पडदा मोठा केला कीं सगळी खतावणी पुन्हां लिहावी लागते.

रेखीव उत्तर हवें असेल तर काय करावें? सर्व कडा कागदावर उतरवून त्या एकमेकींना कोठें कोठें छेदतात तें काढावें, आणि मग प्रत्येक छेदबिंदु दिसतो कीं झांकलेला आहे तें तपासावें, हा सरळ मार्ग. पण हजार सरळ कडा एकमेकींना ४,९९,५०० ठिकाणीं छेदूं शकतात. आतां समजा, या सर्वांच्या पुढें एकच मोठी भिंत उभी आहे. दिसणार आहे ती फक्त भिंत. तिच्या चार कडा. त्या चार कडांसाठीं पांच लक्ष छेदबिंदूंचा हिशोब करणें म्हणजे एका पाहुण्यासाठीं गांवजेवण रांधण्यासारखें झालें. न्याय्य व्यवहार असा असावा कीं, जेवढें दिसतें तेवढ्याचाच खर्च पडावा. परंतु काय दिसतें हें तर हिशोब केल्यावांचून कळत नाहीं. हा पेंच होता.

हा पेंच बऱ्याच अंशीं सोडविणाऱ्यांत केतन मुळमुळे या संशोधकाचें नांव अग्रभागीं आहे. अमेरिकेंतील कार्नेगी-मेलन विद्यापीठांतून त्यांनीं १९८५ सालीं डॉक्टरेट मिळविली. संगणकाच्या भाषांतील वाक्यांच्या अर्थाविषयींचा तो प्रबंध होता, आणि अमेरिकेंतील संगणकशास्त्रज्ञांच्या प्रमुख संस्थेनें १९८६ सालचें उत्कृष्ट प्रबंधाचें पारितोषिक त्याला दिलें. त्यानंतर दोन वर्षें बर्कली येथें संशोधनवृत्तीवर काढून ते शिकागो विद्यापीठांत आले. तेथून १९८८ ते १९९४ या काळांत त्यांनीं संगणकीय भूमितींत जें काम केलें, त्यांतला एक निबंध झांकलेलीं पृष्ठें वगळण्याविषयींचा आहे. संगणकीय चित्रणाच्या वार्षिक परिषदेंत तो १९८९ सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांतली कल्पना घरांतल्या मुलांनाही करून पाहतां येईल अशी आहे. मेजावर हजार कागदांची चळत आहे, एकावर एक बरोबर ठेवलेली. वरून पाहणाऱ्याला फक्त सर्वांत वरचा कागद दिसतो. चित्रकाराच्या पद्धतीनें खालून वर रंगवीत आल्यास हजार वेळां रंगवावें लागेल. आतां प्रत्येक कागदाच्या नांवाची एक चिठ्ठी करून सगळ्या चिठ्ठ्या मडक्यांत टाकाव्या, आणि ज्या क्रमानें त्या निघतील त्या क्रमानें कागद हातीं घ्यावे. हातीं आलेला कागद, आतांपर्यंत आलेल्या सर्वांच्या वरचा असेल तर रंगवावा. नसेल तर बाजूला ठेवावा. रंगवावें किती वेळां लागेल?

वरून दहाव्या कागदाचा विचार करावा. त्याच्यावर नऊ कागद आहेत. त्या नवांपैकीं एकही आधीं निघाला असेल, तर याला रंगविण्याचें कारण उरत नाहीं. म्हणजे या दहा चिठ्ठ्यांत त्याची चिठ्ठी सर्वांत आधीं निघाली तरच तो रंगवावा लागेल, आणि असें होण्याचा संभव दहांत एक. शंभराव्या कागदाचा शंभरांत एक, हजाराव्याचा हजारांत एक. एक, अधिक एक-द्वितीयांश, अधिक एक-तृतीयांश, अशी हजारापर्यंत बेरीज केली तर ती सुमारें साडेसात येते. हजाराच्या जागीं सरासरीनें साडेसात! चळत दहा लाखांची केली तरी हा आंकडा सुमारें साडेचौदाच्या पुढें जात नाहीं. प्रत्येक कागद एकदां हातीं घेऊन पाहावा लागतो, हें खरें, आणि तो खर्च चुकत नाहीं. पण रंगविण्याचा व्यर्थ खटाटोप जवळजवळ संपतो.

खऱ्या दृश्यांत कागदांऐवजीं भिंती, छपरें आणि त्यांच्या कडांचे छेदबिंदु असतात, त्यामुळें गणित बरेंच गुंतागुंतीचें होतें. तरी तत्त्व हेंच राहतें. एखादा छेदबिंदु किती पृष्ठांआड दडलेला आहे, याला मुळमुळे यांनीं त्याची अडसराची पातळी मानली, आणि असें सिद्ध केलें कीं त्या छेदबिंदूवर होणारा अपेक्षित खर्च या पातळीच्या व्यस्त प्रमाणांत असतो. जें जितकें खोल झांकलेलें, त्यावर तितका कमी खर्च. जेवढें दिसतें तेवढ्याचेंच मोल मोजावें, हें जें न्याय्य वाटत होतें, त्याच्या फार जवळ हा हिशोब येऊन पोंचतो.

येथें एक शंका सहज उद्भवते. चिठ्ठ्या टाकून चालविलेल्या कारभारावर शास्त्रानें विसंबावें काय? यांतील भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. दृश्य दैववशात् सोयीचें असेल, अशी आशा येथें धरलेली नाहीं. एखाद्यानें मुद्दाम, यंत्राला जेरीस आणण्याच्याच हेतूनें, गांवाची रचना केली तरी वरील हिशोब ढळत नाहीं. कारण चिठ्ठ्या गांवानें नव्हे, तर गणित करणारानें टाकलेल्या असतात, आणि त्या कोणत्या क्रमानें निघतील हें गांव रचणाराला ठाऊक नसतें. तसेंच, चिठ्ठ्यांमुळें कधीं खर्च थोडा वाढेल, कधीं घटेल. परंतु चित्र कधींही चुकणार नाहीं. दैवाच्या हातीं वेळ दिला आहे, सत्य दिलेलें नाहीं.

चिठ्ठ्यांचा हा विवेकी उपयोग त्यांच्या कामांत त्यापूर्वींही दिसतो. उमेश वझिरानी आणि विजय वझिरानी यांच्यासह १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत त्यांनीं जोड्या जुळविण्याच्या प्रश्नाचा विचार केला होता. अनेक यंत्रें एकाच वेळीं उत्तर शोधूं लागलीं, आणि बरोबर उत्तरेंही अनेक असलीं, तर प्रत्येक यंत्र निराळ्या उत्तरामागें धांवून घोटाळा होतो. यावर उपाय असा कीं, प्रत्येक जोडीला चिठ्ठी टाकून एक वजन द्यावें. मग बहुधा एकच उत्तर सर्वांत हलकें ठरतें, आणि सर्व यंत्रें त्याच एकावर स्थिरावतात. पुढें १९९४ सालीं त्यांनीं संगणकीय भूमितीवर पाठ्यग्रंथ लिहिला, तोही याच चिठ्ठ्यांच्या पद्धतींच्या द्वारें या शास्त्राचा परिचय करून देणारा. निरनिराळ्या प्रश्नांखालीं एकच साधी कल्पना कशी वाहते, हें तो ग्रंथ विद्यार्थ्यांना दाखवितो.

येथवर आलेला संशोधक त्याच वाटेनें पुढें चालत राहता, तर त्यांत नवल नव्हतें. चित्रणाच्या धंद्याला तेव्हां भरभराटीचे दिवस येत होते. परंतु मुळमुळे यांचें लक्ष उलट्या प्रश्नाकडे वळलें. अमुक काम लवकर कसें करावें, हें आतांपर्यंत विचारलें. अमुक काम कोणत्याही युक्तीनें लवकर होणारच नाहीं, असें सिद्ध करतां येईल काय? युक्ति सांपडली म्हणजे ती दाखवितां येते. युक्ति नाहींच, हें दाखवावयाचें तर अजून कोणाच्याही डोक्यांत न आलेल्या युक्त्यांचाही निकाल लावावा लागतो. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं, आंकड्यांच्या अंतर्गत घटकांना हात न लावतां बेरीज-गुणाकारादि क्रिया करणाऱ्या समांतर यंत्रांपुरतें, असें एक अशक्यत्व सिद्ध केलें. अवकाशाचे किती तुकडे पडतात हें मोजणारी भूमितीच त्या सिद्धतेला उपयोगी पडली.

त्यांच्यापुढें होता तो याहून फार मोठा प्रश्न. स्टीफन कुक यांनीं तो १९७१ सालीं मांडला. एखाद्या कोड्याचें उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें चटकन तपासतां येत असेल, तर तें उत्तर चटकन शोधूनही काढतां येईल काय? याच्या उकलीसाठीं क्ले गणितसंस्थेनें २००० सालीं दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक जाहीर केलें. तें अद्याप कोणास मिळालेलें नाहीं. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांच्यासह मुळमुळे यांनीं २००१ सालीं या प्रश्नावर नवी मोहीम उघडली. तिचें मर्म शाळेंतील निश्चयकाच्या आधारें समजण्यासारखें आहे. निश्चयकाच्या विस्तारांत कांहीं पदें धन असतात आणि कांहीं ऋण. तीं सर्व धन केलीं म्हणजे जी राशि होते तिला पर्मनंट म्हणतात. फरक काय तो चिन्हांचा. परंतु निश्चयकाची किंमत यंत्र झटकन काढतें, आणि पर्मनंटची झटकन काढण्याचा मार्ग कोणास सांपडलेला नाहीं. पर्मनंट हा बेताच्या आकाराच्या निश्चयकांत बसवितां आला असता, तर तो मार्ग मिळाला असता. तो बसत नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं या दोघांनीं दोन्ही राशींच्या भौमितिक आकृति घेतल्या, त्यांची सममिति तपासली, आणि एक आकृति दुसरींत मावणें अशक्य करणाऱ्या खुणेचा शोध आरंभिला. त्या खुणेला त्यांनीं दिलेलें नांव अडसर हेंच आहे. १९८९ च्या निबंधांत अडसर म्हणजे सत्य झांकणारा पडदा होता; येथें अडसर म्हणजेच शोधावयाचें सत्य.

ही वाट सोपी नाहीं. हे अडसर ज्या सर्वांत सोप्या रूपांत सांपडतील अशी आशा होती, त्या रूपांत ते पुरे पडणार नाहींत, असें ब्युर्गिसर, इकेनमायर आणि पानोवा यांनीं २०१६ सालीं सिद्ध केलें. त्यामुळें मोहीम संपली नाहीं. पण वाट अधिक लांबची आहे हें स्पष्ट झालें. ही वाट खरी ठरली तरी तिला शंभरएक वर्षें लागतील, असा खुद्द मुळमुळे यांचा अंदाज आहे. आपल्या हयातींत फळ दिसणार नाहीं हें जाणून झाड लावणारे आपल्याकडे थोडे नाहींत. विद्येच्या क्षेत्रांत मात्र असें धैर्य क्वचितच दृष्टीस पडतें. सोहोनी यांनीं याच काळांत पवईच्या संस्थेंतून महाराष्ट्रांतील ग्रामीण पाणीपुरवठ्याचा प्रश्नही अभ्यासास घेतला. अमूर्त आकृति आणि कोरड्या विहिरी, दोहोंकडे पाहणारी दृष्टि एकच असूं शकते, याची ती साक्ष आहे.

औंधच्या डोंगरावरील रसिकाला येथवर आपण एकाच जागीं उभें ठेवलें. परंतु माणूस एका जागीं उभा राहत नाहीं. हेन्री मूरच्या शिल्पाभोंवतीं फिरूं लागलें कीं बालकाचा चेहरा मातेच्या बाहूआड जातो आणि पुन्हां प्रगट होतो; देवीच्या वाटेनें पायऱ्या चढूं लागलें कीं घरांआडचें अंगण हळूहळू वर येतें. पाहणारा चालत असतां दृश्य कसें पालटतें, आणि प्रत्येक पायरीवर सगळा हिशोब पुन्हां न मांडतां केवळ पालटलेलें तेवढेंच कसें टिपावें, या प्रश्नावरही मुळमुळे यांनीं १९९१ सालीं निबंध लिहिला आहे. डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूचा डोळा तें काम फुकट करतो. तें फुकट नाहीं, त्याला मोल आहे, आणि तें मोल मोजतां येतें, हें या शास्त्रानें दाखविलें.